मधुमेहाच्या गोळीची स्ट्रिप कशी वाचावी

आपली गोळी साखर कशी कमी करते हे जाणून घ्यायचे असेल, तर आधी स्ट्रिप उलटी करावी. पुढे ठळक अक्षरांत कंपनीने दिलेले नाव असते. मागच्या बारीक अक्षरांत मूळ औषधांची नावे असतात. ती वहीत उतरवून घ्यावीत. एकाच गोळीत दोन-तीन औषधे असणे आपल्याकडे नेहमीचे आहे, उदाहरणार्थ मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि वोग्लिबोज ०.२ मिलिग्रॅम.

आता प्रत्येक नावापुढे ते औषध कोठे काम करते ते लिहावे. आपण झोपेत असतानाही यकृत रक्तात साखर सोडत असते. मधुमेहात ती प्रमाणाबाहेर सुटते आणि मेटफॉर्मिन तिला आवर घालते. ते जेवणासोबत घेतल्यास मळमळ व जुलाब कमी होतात. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी रक्तातील बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. वोग्लिबोज आतड्यात पिष्टमय पदार्थांचे पचन मंदावते, म्हणून ते जेवायला बसतानाच घ्यायचे असते.

ग्लिमेपिराइडच्या नावाखाली मात्र रेघ मारावी. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि रक्तातील साखर आधीच उतरलेली असली तरी थांबत नाही. त्यामुळे गोळी घेऊन जेवण लांबवणे किंवा एकादशीला निर्जळ राहणे धोक्याचे ठरते. उपवास करायचाच असेल, तर त्या दिवशी गोळी कशी घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारावे.

अचानक दरदरून घाम आला, हात थरथरू लागले, तर लगेच साखर तपासावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. येथे पुष्कळ घरांत एक चूक होते, ती कळकळीने सांगावीशी वाटते: गोळीत वोग्लिबोज असेल तर चमचाभर साखर किंवा गुळाचा खडा लवकर उपयोगी पडत नाही, कारण साखर फोडणारी विकरेच त्या औषधाने अडवलेली असतात. ग्लुकोजचा डबा घरात हवाच. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

नावाचा शेवट ‘ग्लिप्टिन’ असा असेल, तर ते औषध मुख्यतः जेवणानंतर, साखर वाढली असतानाच इन्सुलिनला चालना देते. ‘ग्लिफ्लोझिन’ असेल, तर मूत्रपिंडे जादा साखर लघवीवाटे टाकतात; अशा वेळी जननेंद्रियाची स्वच्छता राखावी, आणि उलट्या होत असतील किंवा अन्न जात नसेल तर ते औषध थांबवायचे का, हे डॉक्टरांना तातडीने विचारावे.

इन्सुलिन कुपीतून घेत असाल, तर कुपीवरचा ४० किंवा १०० हा आकडा (एका मिलिलिटरमधील इन्सुलिनची युनिटे) आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून पाहावा. ४० च्या कुपीला ४० चीच सिरिंज लागते. १०० ची वापरल्यास तेवढ्याच रेघेपर्यंत भरूनही निम्म्याहून कमी इन्सुलिन शरीरात जाते.