घाट उतरून आल्यावर ब्रेक वाजतायत? गॅरेजला जाण्याआधी एवढं करून ठेवा

पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन खंडाळ्याचा घाट उतरलात, पुढच्या ट्रकमागे सारखा ब्रेक दाबत आलात, आणि नेरूळला सोसायटीच्या गेटपाशी चर्रर्र आवाज झाला. गॅरेजमध्ये नुसतं "ब्रेक वाजतोय" म्हटलंत तर पॅड-डिस्क सगळंच बदलायचा हिशोब हातात येईल. म्हणून थोडी माहिती आपणच गोळा करून न्यायची.

इंजिन बंद करण्याआधी पेडल जोरात दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल किंवा स्पंजासारखं लागत असेल, तर आवाज राहू द्या बाजूला. गाडी टो करूनच हलवायची. मग चारही चाकांजवळ हात न्या, पण टेकवू नका. एकच चाक जास्त तापलं असेल, करपल्याचा वास येत असेल, तर तिथला कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकल्याची शंका घ्या आणि चाक लिहून ठेवा. तापलेल्या डिस्कवर पाणी मारायचं नाही. जागा सपाट असेल तर हँडब्रेकऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट लावा.

बाकीचं दुसऱ्या दिवशी सकाळी. अलॉय चाकं असतील तर टॉर्चने फटीतून पॅड दिसतात. नाहीतर जॅक, पाना काढा. नट आधी सैल करा, मग गाडी उचला, आणि काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवा, जॅकचा भरवसा नाही. नव्या पॅडचं लायनर, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, साधारण १० मिलिमीटर असतं. ३ उरलं की बदलायचं. आतला पॅडही बघाच. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना जाम झाल्या की बाहेरचा ठीक दिसतो आणि आतला संपलेला असतो. पॅड काचेसारखा चकाकत असेल किंवा डिस्कवर निळे डाग असतील, तर ब्रेक फार तापले होते.

आता ऐकायचं काम, आणि खरं निदान इथेच होतं. पहाटे सेक्टरमधला रिकामा रस्ता धरा. पाम बीच रोड यासाठी नको, तिथे मागून येणारे थांबत नाहीत. काचा खाली, एसी बंद, वेग वीस-तीस. कंपाउंडच्या भिंतीला समांतर गेलात तर आवाज परत येऊन स्पष्ट ऐकू येतो. ब्रेक दाबल्यावरच बारीक किंचाळी येत असेल तर पॅड कडक झालेत किंवा झिजून, पॅड संपत आल्याची खूण देणारी त्यांची पत्री डिस्कला लागतेय. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घरघर असेल तर लायनर संपलं, गाडी पुढे चालवू नका. ब्रेक न दाबताही खरखर होत असेल तर बहुतेक डिस्क आणि मागच्या पत्र्यात खडा अडकलाय. फुकटात सुटणारं हे एकच दुखणं. पेडल पायाला धडधडत असेल तर डिस्क सगळीकडे सारखी उरलेली नाही. वळणावर घूं-घूं बदलत असेल तर ब्रेक नव्हे, चाकाचं बेअरिंग. पावसाळ्यात पहिल्या दोन-तीन ब्रेकला होणारी खरखर गंजाची असते, ती सोडून द्या.

आवाज मोबाईलवर घ्या. पॅड किती किलोमीटरवर बदलले आणि ब्रेक ऑईल कधी, तेही लिहा. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑईल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलं की हीच मर्यादा १५५ वर येऊ शकते. म्हणून दोन वर्षं झाली असतील तर तेही बदलून घ्या. डिस्कची जाडी मापायला सांगा, किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. पॅड दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे, जुने परत मागायचे. आणि नवे बसल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक नको, म्हणजे पुढच्याच शनिवारी लोणावळा नको.