कुत्र्याचा घोळणा फुटला? या चुका टाळा

उन्हाळ्यात मुलांचा घोळणा फुटतो. डोक्यावर गार पाणी थापलं, कांदा हुंगवला की बहुतेक वेळा थांबतो. कुत्र्याच्या नाकातून रक्त आलं तरी घरात हेच उपाय होतात आणि दोन-चार दिवस त्यातच जातात. कुत्र्याचा घोळणा नुसत्या उन्हाने सहसा फुटत नाही. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय घ्यायचा तो गोचीडतापाचा.

‘पण याच्या अंगावर एकही गोचीड नाही,’ असं पालक ठामपणे सांगतात. ते खरंही असतं. पण गोचीडतापाचे, म्हणजे एर्लिकियाचे जंतू गोचीड चावल्यानंतर कित्येक महिने शरीरात दबा धरून राहू शकतात. रक्त येतं तोवर गोचीड कधीच गळून गेलेली असते. निरोगी कुत्र्याच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण २ ते ५ लाख प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, असतात. या आजारात त्या झपाट्याने घटतात आणि उरलेल्याही धड काम करत नाहीत. म्हणून फक्त नाकाकडे बघू नका. ओठ उचलून हिरड्या पाहा. पोटावरचे केस बाजूला करून लाल ठिपके किंवा जांभळे डाग शोधा. शी डांबरासारखी काळी असेल तर तेही आतून गेलेलं रक्तच असतं.

नाकात कापसाचे बोळे कोंबू नका. कुत्रा शिंकतो आणि रक्त आणखी वाहतं. त्याला शांत जागी बसवा, नाकाच्या वरच्या हाडावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरा आणि दवाखाना गाठा. घरातली ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनची गोळी तर अजिबात देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो. निदान गोचीडतापाचं झालं तर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण २८ दिवस द्यावं लागतं. चार दिवसांत कुत्रा जेवू लागतो, खेळू लागतो आणि गोळ्या फडताळात पडून राहतात. ही चूक मला सर्वांत जास्त सलते, कारण आजार मुरल्यावर रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जाच थकते आणि मग औषधाला फारसा वाव उरत नाही.

दुसरा मोठा धोका उंदरांच्या औषधाचा. ब्रोमॅडिओलोनची वडी कुत्र्याने खाल्ली, दोन दिवस तो ठणठणीत राहिला, की ‘पचवलं त्याने’ म्हणून सगळे निर्धास्त होतात. विषाचा कावा इथेच आहे. रक्त गोठवणारे काही घटक यकृत व्हिटॅमिन के वापरून बनवतं. हे विष त्या व्हिटॅमिनचा पुनर्वापर बंद पाडतं. आधी बनलेला साठा पुरतो तोवर काहीच दिसत नाही. साधारण तीन ते पाच दिवसांनी कुत्रा धापा टाकू लागतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, क्वचित नुसता लंगडतो. बाहेर थेंबही नसतो, रक्त छातीत किंवा सांध्यात साचत असतं.

हे विष मुळात गोठ्यातल्या एका आजाराचं अपत्य आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताचा कॅन घेऊन रसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. त्याच्या गुरांनी बुरशी लागलेलं स्वीट क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाचं वाळलेलं गवत खाल्लं होतं. त्या गवतातल्या द्रव्यापासून सुरू झालेला शोध पुढे ब्रोमॅडिओलोनच्याच कुळातल्या वॉरफरीनपर्यंत गेला आणि ते १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आलं.

वडी खाल्लेली कळताच मिठाचं पाणी पाजू नका, मिठाचीच विषबाधा होते. पाकीट फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. झिंक फॉस्फाइडचं औषध असेल तर उपचारच वेगळा आहे. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के-१ लागतं. के-३ चा इथे उपयोग होत नाही, त्यामुळे चिठ्ठीवरचा आकडा नीट वाचूनच गोळ्या घ्या. विष शरीरात कित्येक आठवडे टिकतं, म्हणून गोळ्याही तितकेच दिवस चालतात. त्या संपल्यावर ४८ ते ७२ तासांनी रक्त गोठण्याची तपासणी करून घ्या. ती टाळली आणि विष शिल्लक असलं तर पुन्हा तेच सुरू होतं.

गाय-बैलाला घोणस किंवा फुरसं चावलं आणि दंशाच्या जागेतून रक्त झिरपत राहिलं, तर ब्लेडने चिरा देऊ नका. गोठण्याची शक्ती हरवलेल्या जनावराला तुम्ही आणखी एक जखम देता. प्रतिसर्पविष लवकर मिळेल असं पाहा.

आणि डॉबरमन पाळला असेल तर एक विसरू नका. या जातीत व्हॉन विलेब्रँड हा रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो. रोज धावणारा, उड्या मारणारा कुत्रा नसबंदीच्या टेबलावर रक्त थांबेना म्हणून दगावू शकतो. दुधाचे दात पडताना किंवा नख कापताना रक्त फार वेळ वाहिलं असेल, तर ते भूल देण्याआधी सांगा. ओठाच्या आतल्या बाजूला बारीक छेद देऊन रक्त किती मिनिटांत थांबतं, हे डॉक्टर तिथेच पाहू शकतात.