शाळकरी मुलाचा मोबाइल सुरक्षित कसा करावा

सेटिंगला हात लावण्याआधी मुलाला एक गोष्ट स्वच्छ शब्दांत सांगा: "काहीही झालं, तुझी चूक असली तरी, आधी मला सांग. मी मोबाइल काढून घेणार नाही." आणि दिलेला शब्द पाळा. ऑनलाइन धमकावणाऱ्याचं सगळं बळ मुलाच्या गप्प बसण्यात असतं. 'घरी कळलं तर?' या एका भीतीपायी आई-बाबा शेजारच्या खोलीत असतानाही मूल आठवडेच्या आठवडे धमक्या सोसतं. हा विश्वास नसेल तर पुढची एकही सेटिंग पुरी पडणार नाही.

१. आधी जन्मतारीख तपासा

इन्स्टाग्रामला किमान वय 13 लागतं. पाचवी-सहावीतली मुलं खोटं साल टाकतात आणि ॲपच्या लेखी मोठी माणसं होतात. तिथेच घात होतो. खरं वय दिलं तर 'टीन अकाउंट' मिळतं: ते आपोआप प्रायव्हेट असतं, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, रात्री 10 ते सकाळी 7 नोटिफिकेशन बंद राहतात आणि 16 वर्षांखालच्या मुलाला हे नियम पालकांच्या परवानगीशिवाय सैल करता येत नाहीत. अकाउंट्स सेंटरमध्ये पर्सनल डिटेल्स उघडून जन्मतारीख पाहा. मूल 13 पेक्षा लहान असेल तर अकाउंट बंद करा. मोठं असेल तर तारीख दुरुस्त करा.

२. शेवटचे दहा फोटो एकत्र बसून पाहा

या पायरीला अर्धा तास द्या. न रागावता मुलालाच विचारा, 'अनोळखी माणसाला यातून काय कळेल?' गणवेशाच्या खिशावर शाळेचा बिल्ला असतो. गळ्यातल्या ओळखपत्रावर इयत्ता, तुकडी, कधी तर तुमचा नंबरही. मागे सोसायटीची पाटी, विंगचं अक्षर, टीएमटीच्या (ठाण्याच्या शहर बसच्या) थांब्याचं नाव. 'क्लास सुटला, तलावपाळीवर' (ठाण्यातली तळ्याकाठची जागा) अशी रोज संध्याकाळी सहाची स्टोरी असेल तर वेळही कळली. सुटा फोटो निरुपद्रवी वाटतो. दहा शेजारी ठेवले की शाळा, घर, रस्ता आणि वेळ असं सगळं हाती लागतं.

जे फोटो जास्त बोलतात ते मुलानेच काढून टाकावेत. स्टोरी त्या जागेवरून निघाल्यावर टाकायची, असा नियम ठरवा. स्नॅपचॅट असेल तर नकाशावर ठिकाण लपवणारा 'घोस्ट मोड' लावा, ठिकाण दाखवणं सुरू राहिलं तर ते मित्रयादीतल्यांना दिसत राहतं. आणि तुमचंही प्रोफाइल याच नजरेने पाहा. गणवेशातले फोटो बरेचदा पालकांनीच टाकलेले असतात.

३. व्हॉट्सॲप

प्रायव्हसीमध्ये प्रोफाइल फोटो, लास्ट सीन आणि ग्रुप्स हे तिन्ही 'माय कॉन्टॅक्ट्स'वर ठेवा. ग्रुप्सचं विसरू नका, नाहीतर नंबर असलेला कुणीही मुलाला कुठल्याही ग्रुपमध्ये घालू शकतो. मग अकाउंटमधून टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून सहा आकडी पिन ठेवा.

वर्गातल्या मित्राच्या नंबरवरून मेसेज येतो, "चुकून तुझ्याकडे कोड गेला, पाठव ना." मित्राचं खातं आधीच पळवलेलं असतं. तो कोड मुलाच्या स्वतःच्या व्हॉट्सॲप खात्यात लॉगिन करण्याचा असतो. दिलाच गेला तर लगेच आपल्या नंबरवर पुन्हा कोड मागवून लॉगिन करा, म्हणजे चोर बाहेर पडतो. त्याने मध्येच स्वतःचा पिन लावला असेल तर सात दिवस थांबावं लागतं.

४. गेम आणि पैसे

प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. यूपीआयचा पिन मुलाला सांगू नका आणि एवढं पाठच करून घ्या: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. 'फुकट डायमंड'च्या (गेममधल्या नाण्यांच्या) लिंका याच ठिकाणी फसवतात. पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तर ती अडवता येते. व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा.

५. कुणी फोटोवरून धमकावत असेल तर

इथे क्रम महत्त्वाचा आहे. पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते. चॅट डिलीट करू नका. समोरच्याचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक, मेसेज आणि वेळ यांचे स्क्रीनशॉट घ्या. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट काढल्याचं समोरच्याला कळतं, म्हणून दुसऱ्या मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा. मग रिपोर्ट करा, ब्लॉक सगळ्यात शेवटी.

मुलाचा उघडा फोटो 'पुरावा' म्हणून नातेवाइकांना किंवा वर्गाच्या ग्रुपवर अजिबात पाठवू नका. असा फोटो पसरवणं आयटी कायद्याच्या कलम 67ब खाली गुन्हा आहे आणि मुलाची पुन्हा विटंबना होते ती वेगळीच. फोटो पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा वापरा. फोटो फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो आणि सहभागी ॲप त्यावरून तो ओळखून काढतात.

तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर करता येते, मुलांच्या बाबतीत नाव न देताही. 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे. ठाणे शहर आणि नवी मुंबई ही वेगवेगळी पोलीस आयुक्तालयं. मूल ऐरोलीत राहतं आणि शाळा ठाण्यात, तर हद्द कुणाची, या घोळात वेळ घालवू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्द कुठलीही असली तरी जवळच्या पोलीस स्टेशनात गुन्हा नोंदवता येतो.

मूल पोलिसांच्या नावाने घाबरत असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा: पॉक्सो कायद्यात (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात) जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घेतात, पोलीस गणवेशात नसतात, शक्यतो महिला अधिकारी असतात, आणि आई, बाबा किंवा ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे असं माणूस शेजारी बसलेलं असतं.