सर्पेंटाइन बेल्ट बदलताना भेगांची वाट पाहू नका

आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ज्याला अजूनही 'फॅन बेल्ट' म्हणतात, तो बेल्ट आजच्या बहुतेक लहान गाड्यांत पंखा फिरवत नाही, कारण रेडिएटरचा पंखा आता विजेवर चालतो. हा बेल्ट इंजिनाच्या क्रँक पुलीवरून (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या पुलीवरून) फिरण्याची ताकद घेतो आणि ती बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, बऱ्याच इंजिनांत पाण्याचा पंप आणि हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असल्यास त्याचा पंप, या सगळ्यांना एकाच वेळी पुरवतो. या सर्व पुलींमधून तो सापासारखी वळणे घेत जातो, म्हणून त्याला सर्पेंटाइन बेल्ट हे नाव पडले. त्याच्या एका बाजूला लांबीच्या दिशेने कंगोरे आणि खाचा असतात, दुसरी बाजू सपाट असते.

टायमिंग बेल्ट ही याहून वेगळी वस्तू आहे आणि या दोघांची गल्लत करू नये. व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा टायमिंग बेल्ट इंजिनाच्या झाकणाआड असतो, त्याला आडवे दाते असतात आणि तो तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून मोठे नुकसान होते. मारुतीच्या के मालिकेतील इंजिनांप्रमाणे पुष्कळ गाड्यांत त्याच्या जागी साखळी असते. मेकॅनिकने नुसते "बेल्ट बदलावा लागेल" असे सांगितले, तर कोणता बेल्ट हे आधी विचारून घ्यावे, कारण दोन्ही कामांच्या खर्चात आणि गांभीर्यात फार अंतर आहे.

या विषयाकडे मी काळजीपूर्वक पाहू लागलो ते एका जुलै महिन्यातल्या प्रवासानंतर. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटात आधी डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, पाठोपाठ एसीतून गरम हवा येऊ लागली, स्टिअरिंग जड झाले, आणि गाडी कडेला घेईपर्यंत तापमानाचा काटा वर सरकू लागला होता. बॉनेट उघडून पाहिले तर बेल्ट पुलींवरून निसटून खाली लोंबत होता. त्याआधी आठवडाभरापूर्वीच सर्व्हिसिंग झाले होते. तिथे बेल्ट वाकवून पाहिला गेला होता आणि "एकही भेग नाही, अजून वर्षभर चालेल" असे मला सांगण्यात आले होते. गाडी ओढून साखरप्याला नेली. तिथल्या मेकॅनिकने जुना आणि नवा बेल्ट शेजारी शेजारी धरून दाखवले. नव्याच्या खाचा अरुंद आणि खाली निमुळत्या होत्या, तर जुन्याच्या खाचा रुंद होऊन त्यांचा तळ गोलसर झाला होता. भेग खरोखरच एकही नव्हती. मग त्याने आयडलर पुली (बेल्टला फक्त वळण देणारी पुली) माझ्या हातात देऊन फिरवायला सांगितली, तेव्हा आत वाळू अडकल्यासारखी खरखर बोटांना स्पष्ट जाणवली.

भेगा नसतानाही बेल्ट निकामी का होतो, याचे उत्तर त्याच्या रबरात आहे. पूर्वीचे बेल्ट निओप्रीनचे असत. ते जुने होताना कडक होऊन तडकत, त्यामुळे भेगा मोजून बेल्ट बदलण्याची पद्धत तेव्हा योग्यच होती. आताचे बेल्ट ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. हे रबर उष्णता उत्तम सोसते आणि सहसा तडकत नाही, पण टायरसारखे हळूहळू झिजत जाते. नवा बेल्ट पुलीच्या खाचेत पाचरीसारखा दोन्ही बाजूंनी घट्ट बसतो आणि त्याच्या खाचेच्या तळाशी थोडी मोकळी जागा राहते. कंगोऱ्यांच्या बाजू झिजल्या की बेल्ट खोल रुततो, ती मोकळी जागा संपते, पुलीचे उंचवटे बेल्टच्या तळाला टेकतात आणि पाचरीची पकड जाऊन बेल्ट घसरू लागतो. घसरल्याने तो तापतो, तापल्याने आणखी लवकर झिजतो. आजच्या बेल्टवर भेगा दिसल्या तर त्याचा अर्थ बेल्ट बदलायला आधीच उशीर झाला आहे, असा घ्यावा.

कधी बदलावा

गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत दिलेला आकडा सर्वांत आधी पाहावा आणि तो अंतिम मानावा. तिथे स्पष्ट सूचना नसेल, तर ५०,००० किलोमीटरनंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला बेल्टची नीट तपासणी करावी, आणि ८०,००० ते १,००,००० किलोमीटर किंवा पाच-सहा वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बेल्ट बदलावा, असा माझा नियम आहे. कोकणातला पाऊस, कच्च्या रस्त्यांची धूळ किंवा शहरातील तासन्‌तासांची कोंडी ज्या गाडीच्या वाट्याला येते, तिच्यासाठी यातली खालची मर्यादा धरावी. कोंडीत किलोमीटर वाढत नाहीत, पण इंजिन चालूच असते आणि एसीचा भारही सतत असतो, हे विसरता कामा नये.

तपासणी इंजिन पूर्ण बंद आणि थंड असताना, चावी काढून, चांगल्या टॉर्चच्या उजेडात करावी. भेगा, कडेचे निघालेले धागे, कंगोऱ्याचा तुटलेला तुकडा आणि घसरण्याने आलेली काचेसारखी चकाकी पाहावी. खाचांचा आकार पाहायला सर्वांत जास्त वेळ द्यावा. इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच यू अक्षरासारखी दिसू लागली असेल, तर बेल्ट झिजला आहे. बेल्ट कंपन्या यासाठी प्लॅस्टिकचे छोटे माप देतात. ते मिळाले तर अंदाजावर अवलंबून राहावे लागत नाही. बेल्टवर तेल किंवा कूलंटचा ओलावा आढळल्यास आधी गळती शोधून बंद करावी, कारण तेलाने हे रबर फुगते आणि गळती तशीच ठेवून घातलेला नवा बेल्टही थोड्याच दिवसांत खराब होतो. पावसाळ्यात उंदीर बॉनेटमध्ये आसरा घेतात, त्यांनी कुरतडलेल्या खुणाही याच वेळी पाहून घ्याव्यात.

आवाजही बरेच काही सांगतो. सकाळी गाडी सुरू करताच किंवा एसी लावताच येणारा लांबलचक किंचाळल्यासारखा आवाज बहुधा बेल्ट घसरल्याचा असतो. इंजिनाच्या वेगाबरोबर कमी-जास्त होणारा, पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा तुटक आवाज सहसा एखादी पुली रेषेत नसल्याचे दाखवतो. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी इंजिन चालू ठेवून, हात आणि कपडे दूर राखून, लांबूनच बेल्टच्या कंगोऱ्यांच्या बाजूवर थोडे साधे पाणी फवारावे. आवाज वाढला तर ताण कमी आहे किंवा बेल्ट घसरतो आहे. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुलींची रेषा तपासावी. आवाज बंद करण्यासाठी बाजारात मिळणारे चिकट फवारे मात्र कधीही वापरू नयेत. ते दोष झाकतात आणि धुळीला धरून ठेवतात.

धावत्या गाडीत बॅटरीचा दिवा लागला आणि तापमानही चढू लागले, तर पुढच्या गावापर्यंत जाऊ असा विचार करू नये. पाण्याचा पंप या बेल्टवर असेल तर काही मिनिटांतच इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधले सील) जाऊ शकते. त्या दुरुस्तीच्या तुलनेत गाडी ओढून नेण्याचा खर्च किरकोळ असतो.

कसा बदलावा

नवा बेल्ट घेताना गाडीचे मॉडेल, वर्ष आणि इंजिन सांगण्याबरोबरच जुन्या बेल्टच्या पाठीवरचा क्रमांक जुळवून पाहावा. उदाहरणार्थ '६ पीके १७५०' याचा अर्थ सहा कंगोरे, पीके आकाराच्या खाचा आणि १,७५० मिलिमीटर लांबी. जुना बेल्ट थोडा ताणलेला असू शकतो, म्हणून नुसता मापाला लावून बेल्ट निवडू नये. एकच मॉडेल असले तरी एसी असलेल्या आणि नसलेल्या गाडीचे बेल्ट वेगवेगळे असू शकतात.

घरी हे काम करण्यापूर्वी आपल्या गाडीत कोणती रचना आहे ते पाहावे. स्प्रिंगचा आपोआप ताण देणारा टेन्शनर असेल, तर हत्यारांची सवय असलेल्या माणसाला काम जमण्यासारखे आहे. काही लहान गाड्यांत टेन्शनरच नसतो आणि ताणून बसवायचा लवचिक बेल्ट असतो. तो बसवायला खास हत्यार लागते आणि काढलेला पुन्हा वापरता येत नाही. इंजिनाला मदत करणारा स्टार्टर-जनरेटर ज्या गाड्यांत याच बेल्टवर आहे, तिथे बेल्ट दोन्ही बाजूंनी भार घेतो. अशा दोन्ही प्रकारच्या गाड्या जाणकार मेकॅनिककडेच द्याव्यात.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. काम सुरू करण्यापूर्वी बेल्टच्या मार्गाचे दोन-तीन फोटो काढावेत आणि कागदावर आकृतीही काढावी, कारण अरुंद जागेत काढलेल्या फोटोत कोणती पुली पुढे आणि कोणती मागे हे नेमके कळत नाही. आडवे इंजिन असलेल्या गाड्यांत बहुधा पुढचे चाक आणि त्यामागचे प्लॅस्टिकचे गार्ड काढावे लागते. त्या वेळी गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नये, खाली भक्कम स्टँड लावावा. यात तडजोड करू नये.

टेन्शनरवर योग्य मापाचा पाना किंवा सॉकेट बसवून तो हळूहळू फिरवावा, म्हणजे बेल्ट सैल पडतो. फिरवण्याची दिशा प्रत्येक इंजिनात वेगळी असते. काही टेन्शनरना पिन घालून अडकवण्यासाठी भोक असते, ते असल्यास जरूर वापरावे. सैल झालेला बेल्ट सर्वांत वरच्या किंवा हाताला सोप्या पुलीवरून उतरवावा. पाना एकदम सोडू नये, कारण स्प्रिंगच्या झटक्यात बोटे सापडतात.

बेल्ट निघाल्यावर लगेच नवा चढवण्याची घाई करू नये. हीच वेळ प्रत्येक पुली हाताने फिरवून आणि हलवून पाहण्याची आहे. आयडलर आणि टेन्शनरची पुली आवाज न करता, अडथळ्याशिवाय फिरली पाहिजे. खरखर लागली, पुली डुगडुगली किंवा ग्रीस सुकल्यामुळे ती एका फटक्यात गरागरा फिरतच राहिली, तर तिचे बेअरिंग संपत आले आहे. टेन्शनरचा दांडा झटके न देता सरकला पाहिजे आणि जोराने परत आला पाहिजे. जुना टेन्शनर तसाच ठेवून नवा बेल्ट घालणे ही मला या कामातली सर्वांत महागडी बचत वाटते, कारण ताण कमी पडल्यास नवा बेल्टही घसरतो. पुलींच्या खाचांत अडकलेली माती आणि जुने रबर कोरड्या ब्रशने साफ करावे.

नवा बेल्ट आकृतीप्रमाणे क्रँक पुलीपासून घालत यावे आणि शेवटी गुळगुळीत आयडलरवर किंवा सहज हाताशी येणाऱ्या पुलीवर चढवावा. कंगोऱ्यांची बाजू खाचांच्या पुलीवर आणि सपाट पाठ गुळगुळीत पुलीवर येते. बेल्टला पीळ देऊ नये, त्याची घडी घालू नये आणि तो पेचकसाने उचकटून बसवू नये, कारण आतले धागे तुटले तरी ते बाहेरून दिसत नाहीत. टेन्शनर सोडल्यावर प्रत्येक पुलीवरून बोट फिरवून एकही कंगोरा खाचेबाहेर राहिलेला नाही याची खात्री करावी. एक कंगोरा बाजूला सरकलेला राहिला तर थोड्याच अंतरात बेल्ट चिरतो. नंतर पान्याने क्रँक पुली इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा पाहावे, आणि टेन्शनरवर खुणा असतील तर काटा त्यांच्यामध्ये आहे ना ते तपासावे.

सर्व हत्यारे बाहेर काढली आहेत हे मोजून घेतल्यावर बॅटरी जोडून इंजिन सुरू करावे. बॅटरीचा दिवा विझला पाहिजे, आणि मीटर असल्यास बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. एसी लावून आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वळवून आवाज येतो का ते ऐकावे. शंभर-दोनशे किलोमीटर झाल्यावर बॉनेट उघडून बेल्टची जागा पुन्हा एकदा पाहावी. काढलेला जुना बेल्ट धडधाकट असेल तर त्यावर किलोमीटरची नोंद करून, योग्य मापाचा पाना आणि मार्गाची आकृती यांच्यासह तो एका पिशवीत घालून डिकीत ठेवावा. घाटात किंवा आडगावी वेळ आलीच, तर जवळच्या गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरता तो उपयोगी पडतो.