आरव्हीत आणि घरी चालेल असा एकच लॅपटॉप घेताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एप्रिल-मे आला की एक प्रश्न ठरलेला असतो. आरव्ही (म्हणजे आत बेड, ओटा, बाथरूम असलेली राहायची गाडी) भाड्याने घेऊन यलोस्टोन नॅशनल पार्कला चाललोय, सुट्ट्या शिल्लक नाहीत म्हणून दोन-तीन दिवस तिथूनच काम करणार, घरचा लॅपटॉप पण आता म्हातारा झालाय, तर दोन्हीकडे चालेल असा कुठला घेऊ? की लगेच खाली आय-सेव्हन घे, बत्तीस जीबी घे, ग्राफिक्स कार्डवालाच घे असा सल्ल्यांचा पाऊस. पण बाबा रे, तू तो चार्ज कशावर करणार आहेस हे कोणी विचारत नाही. माझं मत विचाराल तर आरव्हीसाठी लॅपटॉप बघायला सुरुवात चार्जरपासून करावी, प्रोसेसर नंतर, कारण आजकालचा कुठलाही बरा प्रोसेसर एक्सेल, झूम आणि पोरांच्या होमवर्कला पुरून उरतो.

भिंतीतल्या सॉकेटवर भरवसा ठेवणं

आरव्हीत पाय ठेवला की ओट्याजवळ, टेबलाजवळ, बेडशेजारी अगदी घरासारखे सॉकेट दिसतात, मग माणूस निर्धास्त होतो. जंगलात जाऊन गाडी लावतो, दिवे लागतात, पाण्याचा पंप चालतो, सगळं छान, आणि लॅपटॉपची पिन खोचली की काहीच नाही. मग रेंटलवाल्याला फोन, त्यातही रेंज नाही. गाडीत बिघाड काहीच नसतो. दिवे, पंप, हीटरचा पंखा हे सगळं चालतं १२ व्होल्टच्या हाउस बॅटरीवर, म्हणजे राहायच्या भागाच्या वेगळ्या बॅटरीवर. भिंतीतले सॉकेट १२० व्होल्टचे, आणि त्यांना करंट येतो तो एकतर कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबाला केबल जोडलेली असेल तर, नाहीतर जनरेटर सुरू असेल तर. इन्व्हर्टर असेल तर बॅटरीवरूनही येतो, पण भाड्याच्या बऱ्याच गाड्यांत तो नसतो किंवा असला तरी फक्त टीव्हीपुरता असतो. बुकिंग करतानाच विचारून घ्या, इन्व्हर्टर आहे का, किती वॅटचा आणि कुठल्या सॉकेटना.

आता केबल जोडलीये तरी एखादं सॉकेट मेलेलं असेल तर आधी बाथरूममधलं किंवा ओट्याजवळचं ते बटणवालं सॉकेट बघा, रीसेट लिहिलेलं. ते ट्रिप झालं की त्याच्यापुढे जोडलेली बाकीची सॉकेटही बंद पडतात, आणि ती भलतीकडेच असतात, अगदी बेडशेजारची सुद्धा. ते दाबून झालं, तरी नाही? मग ब्रेकरचा बोर्ड उघडा. खांबावरचा ब्रेकर पण बघा, तो बाहेर असतो म्हणून लोक विसरतात.

यलोस्टोनचंच घ्या. पार्कच्या आत वीज-पाण्याचं पूर्ण कनेक्शन असलेलं कॅम्पग्राउंड एकच आहे, फिशिंग ब्रिज, आणि ते लवकर भरतं. मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट व्हिलेज इथे खांबच नाही. जनरेटर लावायचा तर सकाळी आठ ते रात्री आठ. आणि तुमचं ऑफिस न्यू जर्सीत असेल तर तिथली नऊची मीटिंग इथे माउंटन टाइमप्रमाणे सकाळी सातला येते, म्हणजे जनरेटरला अजून एक तास बाकी. लॅपटॉप आदल्या रात्रीच भरलेला नसेल तर बसा मग कॅमेरा बंद करून.

चार्जर न बघता लॅपटॉप घेणं

यावर साधा उपाय म्हणजे यूएसबी-सी वर चार्ज होणारा लॅपटॉप आणि सिगरेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा १२ व्होल्टचा चार्जर. इन्व्हर्टरची भानगडच नको. बॅटरीतले १२ व्होल्ट आधी १२० करायचे आणि मग ॲडॉप्टरने परत २० करायचे, या उलटसुलट कारभारात दहा-पंधरा टक्के सहज वाया जातात, शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी थोडं थोडं पितच राहतो.

पण इथेही लोक फसतात. यूएसबी-सी चं भोक आहे म्हणजे त्यातून चार्जिंग होईलच असं नाही, स्वस्तातल्या आणि जुन्या मॉडेलांत ते फक्त पेनड्राइव्हपुरतं असतं. भोकाशेजारी प्लगची किंवा विजेच्या बाणाची छोटी खूण आहे का बघा आणि खात्रीसाठी स्पेसिफिकेशनमध्ये पॉवर डिलिव्हरी लिहिलंय का तेही वाचा. ज्या लॅपटॉपला फक्त गोल पिनचा चार्जर चालतो तो घरी कितीही छान असला तरी आरव्हीसाठी मी घेणार नाही.

मग कारचा चार्जर. डब्यावर मोठ्ठं १०० वॅट लिहिलेलं असतं, ती असते सगळ्या पोर्टांची मिळून बेरीज. शेजारच्या पोर्टला बायकोचा फोन लागला की लॅपटॉपला मिळणारे वॅट खाली येतात आणि स्क्रीनवर स्लो चार्जरचा मेसेज येतो. एका पोर्टमधून ६५ वॅट मिळतील असा घ्या, जड काम असेल तर १००. केबल पण तशीच लागते बरं का, साधी यूएसबी-सी केबल ६० वॅटच्या वर जात नाही, त्यापुढे ५ अँपियरची लागते. कितीतरी वेळा चार्जर चांगला असतो, लॅपटॉप चांगला असतो, आणि मध्ये फोनबरोबर आलेली बारीकशी केबल असते. टक्के वाढायच्या ऐवजी उतरत असतील तर पहिल्यांदा केबल बदला, मग बाकीच्यांवर संशय घ्या.

अजून एक, डॅशबोर्डवरचं सॉकेट बऱ्याच गाड्यांत इंजिनच्या बॅटरीवर असतं आणि मागे राहायच्या भागातलं हाउस बॅटरीवर. डॅशबोर्डवालं रात्रभर वापरलं तर सकाळी गाडीच सुरू व्हायची नाही, आणि काही गाड्यांत चावी काढली की ते बंदच होतं, म्हणजे तुम्ही चार्जिंगला लावून झोपलात आणि सकाळी लॅपटॉप होता तिथेच. गाडी चालू असताना मात्र तिथेच चार्ज करा, प्रवासात तयार होणारी वीज फुकटात मिळते.

एकच घ्यायचाय तर मोठाच घेऊ

ही चूक आपल्याकडे फार. घरी मुलगा गेम खेळेल, आरव्हीत आपण काम करू, म्हणून सतरा इंची गेमिंग लॅपटॉप घेतात आणि त्याचा २३० वॅटचा विटेएवढा ॲडॉप्टर. नाकापेक्षा मोती जड. हिशोब करून बघा. भाड्याच्या गाडीत साधी लेड-ॲसिडची १०० अँपियर-अवरची बॅटरी धरली तर १२ व्होल्ट गुणिले १०० म्हणजे १२०० वॅट-अवर (साठवलेल्या विजेचं माप) झाले, पण ती निम्म्याच्या खाली उतरवली तर खराब होते, म्हणजे वापरायला ६००. जूनमध्येही यलोस्टोनला रात्री पारा शून्याच्या आसपास जातो, त्यामुळे हीटर लागणार. हीटर गॅसवर चालतो हे खरं पण त्याचा पंखा बॅटरीवर, सात-आठ अँपियर घेतो, रात्रभरात चार तास जरी फिरला तरी साडेतीनशे वॅट-अवर गेले. राहिले अडीचशे. आता तो गेमिंगवाला लॅपटॉप जड कामावर १५० वॅट ओढतो, इन्व्हर्टरवर दोन तास चालवलात तर ३४० च्या आसपास, म्हणजे बॅटरी झोपली, पंखा थांबला, आणि पहाटे सगळं घर ब्लँकेटमध्ये कुडकुडतंय. त्याउलट तेरा-चौदा इंची हलक्या लॅपटॉपची अख्खी बॅटरीच ५०-५५ वॅट-अवरची असते, १२ व्होल्टच्या चार्जरवर पूर्ण भरायला साठ-पासष्ट लागतात. आपल्याकडे लोडशेडिंगच्या काळात घरच्या इन्व्हर्टरवर पंखा-ट्यूबलाइट चालायचे आणि गीझर नाही, तसंच आहे हे.

गाडीत लिथियमची बॅटरी असेल तर जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि बराच श्वास घेता येतो, पण भाड्याच्या गाडीत ती मिळेलच असं धरून चालू नका.

मग घरी मोठी स्क्रीन हवी त्याचं काय? तर घरी मॉनिटर घ्या की. सत्तावीस इंची, यूएसबी-सीवाला, ६५ किंवा ९० वॅट देणारा. एक केबल लावली की चित्र पण त्याच केबलने आणि चार्जिंग पण. लॅपटॉप लहान, टेबल मोठं. आरव्हीतलं जेवायचं टेबल इतकं चिमुकलं असतं की सतरा इंची उघडला की पोह्यांच्या डिशला जागा उरत नाही. व्हिडिओ एडिटिंग हाच धंदा असेल तर गोष्ट वेगळी, तुम्हाला मोठा लागेलच, पण मग वीज असलेलंच कॅम्पग्राउंड बुक करा आणि वाद मिटवा.

विमानाने जाऊन आरव्ही घेणाऱ्यांसाठी

ईस्ट कोस्टवरून आपली माणसं सॉल्ट लेक सिटीला नाहीतर डेन्व्हरला विमानाने उतरतात आणि तिथून गाडी घेतात. त्यातला एखादा उत्साहात अडीचशे-तीनशे वॅट-अवरचं पॉवर स्टेशन, म्हणजे सॉकेट असलेली मोठी पोर्टेबल बॅटरी, घेऊन ठेवतो आणि मग कळतं की ते विमानात नेताच येत नाही. नियम असा की १०० वॅट-अवरपर्यंतची सुटी लिथियम बॅटरी हातातल्या बॅगेत चालते, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते आणि त्यावर प्रवासी सामानात नाहीच. चेक-इन बॅगेत तर पॉवर बँक टाकायचीच नाही. म्हणून २७००० एमएएचच्या आसपासची, लॅपटॉपला चालणारी पॉवर बँक घ्या, ती शंभराच्या आत बसते. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी पॉवर स्टेशन खुशाल घ्यावं, चांगली वस्तू आहे.

चार्जिंग ८० टक्क्यांवर अडकलंय

याचे फोन फार येतात. घरी लॅपटॉप कायम मॉनिटरला जोडलेला असतो म्हणून बॅटरी टिकावी यासाठी ८० टक्क्यांची मर्यादा लावून ठेवलेली असते, जे योग्यच आहे, कायम १०० वर आणि गरम राहिली की बॅटरी लवकर म्हातारी होते. पण निघायच्या आदल्या दिवशी ती मर्यादा काढायची असते हे कोणाच्या लक्षात राहत नाही. लेनोवो, आसूस, डेल सगळ्यांच्या ॲपमध्ये ती सेटिंग असते, मॅकमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये.

मर्यादा काढली तरी अडकत असेल तर बहुतेकदा कारण ऊन. ॲपल आपले लॅपटॉप ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच वापरा म्हणतं, आणि युटातल्या मोआबला भर दुपारी बंद करून ठेवलेली आरव्ही त्याच्या कितीतरी वर जाते. बॅटरी जास्त तापली की लॅपटॉप स्वतःच चार्जिंग थांबवतो. चार्जर बदलत बसू नका, लॅपटॉप सावलीत ठेवा, थंड होऊ द्या. ट्रेकला जाताना तर डॅशबोर्डवर ठेवूच नका, एक तर ऊन आणि वर चोरांना आमंत्रण.

बाकीचं पटापट

स्क्रीनची चमक म्हणजे निट्स. दुकानात सगळ्याच स्क्रीन छान दिसतात, पण २५० निट्सवाली बाहेर खुर्ची टाकून बसलं की आरसा होते, आपलंच तोंड दिसतं. ४०० च्या पुढची घ्या, मॅट असेल तर उत्तम.

जुना रिफर्बिश्ड (दुरुस्त करून परत विकलेला) घेताय? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना कितीही स्वस्त असला तरी ऑफिसचं काम आणि बँकेचे व्यवहार त्यावर नकोत. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाल्या विंडोज लॅपटॉपची बॅटरी मस्त चालते, आरव्हीला झकास, पण घरच्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर आणि ऑफिसचं व्हीपीएन त्यावर चालतं का ते घ्यायच्या आधी तपासा. रॅम १६ जीबी घ्या, बहुतेक पातळ लॅपटॉपांत ती नंतर वाढवता येत नाही.

इंटरनेटचा प्रश्न लॅपटॉप सोडवत नाही, पण वाढवू शकतो. फोनचा हॉटस्पॉट लावला की विंडोजला वाटतं घरचं वायफाय मिळालं, मग अपडेट काय, वनड्राइव्हवर फोटो काय, महिन्याचा हायस्पीड डेटा संध्याकाळपर्यंत साफ. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटला मीटर्ड कनेक्शन (म्हणजे डेटा मोजका आहे असं विंडोजला सांगणं) करून ठेवा, आणि अपडेट घरूनच उरकून निघा. स्टारलिंक मिनी, म्हणजे उपग्रहावरून इंटरनेट देणारी छोटी डिश, नेणार असाल तर ती २५ ते ४० वॅट घेते, म्हणजे दिवसभर चालू ठेवली तर लॅपटॉपपेक्षा तीच जास्त खाईल, हिशोबात धरा. आणि उंच पाइनच्या झाडांखाली गाडी लावली तर आकाश दिसत नाही म्हणून ती रुसते, सावली हवी का इंटरनेट ते ठरवा.

कॅम्पग्राउंडच्या खांबावर व्होल्टेज कमी असलं तर लॅपटॉपला फारसा फरक पडत नाही, ॲडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, एसीला मात्र त्रास होतो. सर्जपासून, म्हणजे व्होल्टेज अचानक वर उसळण्यापासून, मात्र लॅपटॉपलाही धोका, म्हणून सर्ज प्रोटेक्टर लावा.

गाडी निघताना लॅपटॉप टेबलावर राहू देऊ नका, पहिल्याच ब्रेकला खाली. वरच्या कपाटांत पण नको, त्यांची दारं वळणावर उघडतात. गादीवर, उशांच्या मध्ये ठेवतात बहुतेक जण.

आणि गाडी ताब्यात घेताना तो माणूस टाकी, गॅस, टॉयलेट सगळं दाखवत असतो तेव्हा तुम्ही तुमचा लॅपटॉप आणि १२ व्होल्टचा चार्जर बाहेर काढा, इंजिन बंद ठेवून मागच्या १२ व्होल्टच्या प्रत्येक सॉकेटला लावून बघा. जे चालत नाही ते तिथेच फॉर्मवर लिहून घ्या, फ्यूज बदलायला त्याला पाच मिनिटं लागतात.