एपीएवर काम सुरू करताय? जेलवरच्या वजनावर भिस्त ठेवू नका

क्षयाच्या जिवाणूतलं एपीए हे ग्लायकोप्रोटीन (साखर जोडलेलं प्रोटीन) पीएचडीला घेतलं असेल, तर आधी माझे चौदा महिने कुठे गेले ते ऐका.

एपीए जिवाणूच्या पृष्ठभागावर असतं, बाहेरही सोडलं जातं आणि फुफ्फुसातल्या सर्फॅक्टंट प्रोटीन-ए ला चिकटतं. हे तुम्ही वाचलेलं असणारच. मी सिग्नल पेप्टाइड (प्रोटीनला पेशीबाहेर नेणारा सुरुवातीचा तुकडा) कापून जनुक ई. कोलायमध्ये घातलं आणि निकेल कॉलमवरून प्रोटीन काढलं. अमिनो आम्लांच्या क्रमावरून वजन सुमारे 29 किलोडाल्टन यायला हवं होतं, जेलवर बँड आला 45 जवळ. जुन्या पेपरांत याचं नावच '45/47' आहे. साखर लागली, असं मी वहीत लिहून टाकलं.

साखर लागलेलीच नव्हती. लागणार तरी कशी? प्रोटीनला मॅनोज ही साखर जोडणारं एन्झाइम ई. कोलायच्या नेहमीच्या स्ट्रेनमध्ये नसतंच. बँड वर सरकतो तो प्रोलीनमुळे. या प्रोटीनमधलं जवळजवळ प्रत्येक पाचवं अमिनो आम्ल प्रोलीन आहे आणि अशी प्रोटीनं एसडीएस जेलवर रेंगाळतात, म्हणून वजन जास्त दिसतं. साधा हिशोब मी केला नाही: एका मॅनोजने 162 डाल्टन वाढतात, नऊ लागले तरी दीड किलोडाल्टनच्या आत. सोळा किलोडाल्टनचा फरक साखरेने पडूच शकत नाही. एवढा गुणाकार केला असता तर आठ महिने बाइंडिंग अ‍ॅसे करत बसले नसते. सर्फॅक्टंट प्रोटीन-ए हे स्वतः लेक्टिन आहे, ते साखर धरतं. माझ्या प्रोटीनवर धरायला काही नव्हतं.

म्हणून पहिल्याच आठवड्यात कॉन-ए ब्लॉट करा; कॉन-ए हे मॅनोज धरणारं लेक्टिन आहे, साखर असेल तिथेच सिग्नल देतं. बफरमध्ये धातू पकडून ठेवणारं ईडीटीए नको, कॉन-एला कॅल्शियम आणि मँगनीज लागतं. मिथाइल मॅनोसाइड (कॉन-एची जागा अडवणारी मोकळी साखर) घातलेला दुसरा ब्लॉट सोबत हवाच. त्यावर सिग्नल गेला तरच पहिल्या ब्लॉटवरचा खरा. मग मास स्पेकवर नेमकं वजन पाहा.

प्रोटीन मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या क्षयाच्या जिवाणूच्या भाऊबंदात बनवा. तीन-चार दिवसांत कॉलनी येतात, बीएसएल-3 (धोकादायक जंतूंसाठीची बंदिस्त प्रयोगशाळा) लागत नाही. पण सिग्नल पेप्टाइड कापू नका! मॅनोज लागतो तो प्रोटीन पडद्यातून बाहेर पडताना. सिग्नल नसेल तर स्मेग्मॅटिसही तुम्हाला कोरं प्रोटीन देईल. 'ई. कोलायमध्ये लवकर होतं' हा सल्ला मला तिघांनी दिला. मनापासून दिला, तरी या प्रोटीनसाठी तो चुकीचाच होता.

गाईड निवडताना पेपर मोजू नका. तुमच्या शेजारी बसून कच्चा जेल पाहणारा माणूस शोधा. माझी चूक एका सिनियर ताईने पाच मिनिटांत पकडली, कारण तिने क्रम उघडून प्रोलीन मोजले.

आणि घाबरू नका, माझं काहीच फुकट गेलं नाही. 1999 मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटच्या गटाने मॅनोज काढलेल्या एपीएला गिनिपिगमध्ये प्रतिसाद घटतो हे दाखवलं, तेव्हा साखरेविना असलेलं प्रोटीनच तुलनेला लागलं होतं. माझ्या ई. कोलायच्या नळ्या अजून उणे 80 मध्ये आहेत. आता प्रत्येक ब्लॉटवर पहिली लेन त्यांचीच असते.