कोकणातल्या सड्यावरून व्हेस्टा लघुग्रह कसा शोधावा आणि त्याची कक्षा कशी काढावी

लहान दुर्बिणीतून लघुग्रह ताऱ्यासारखाच दिसतो. तो ओळखू येतो तो केवळ ताऱ्यांमधून रोज थोडा सरकतो म्हणून. ब्रेमेनमध्ये डॉक्टरी करणाऱ्या हाइनरिश ओल्बर्स यांना २९ मार्च १८०७ रोजी व्हेस्टा असाच सापडला, आणि नॉर्मन पॉगसन यांनी १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेतून शोधलेला ‘एशिया’ही ताऱ्यांचे नकाशे पडताळूनच हाती लागला. सुमारे ५२५ किलोमीटर व्यासाचा व्हेस्टा मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला सर्वांत तेजस्वी लघुग्रह असल्यामुळे १०×५० च्या (दहापट मोठे दाखवणाऱ्या, ५० मिलिमीटर भिंगांच्या) द्विनेत्री दुर्बिणीने आपल्यालाही हे काम करता येते.

प्रथम प्रतियुतीची, म्हणजे व्हेस्टा आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येण्याची तारीख स्टेलॅरियम या मोफत संगणक-प्रणालीतून काढावी आणि तिच्या जवळची अमावास्या दिनदर्शिकेत पाहून ठेवावी. वाडीत माडा-पोफळींनी आभाळ झाकलेले असते, म्हणून जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे खडकाळ पठार, गाठावा. प्रतियुतीच्या सुमारास व्हेस्टा संध्याकाळी पूर्वेला उगवतो, त्यामुळे मासेमारी नौकांचे दिवे पाठीशी राहतात. खरा त्रास दवाचा असतो: भिंगे मधूनमधून झाकावीत, आणि घरी आल्यावर दुर्बीण ओलसर पिशवीत तशीच ठेवू नये, कारण खाऱ्या दमट हवेत भिंगांना बुरशी फार लवकर धरते.

आकाशाच्या त्या भागाचा आठव्या-नवव्या प्रतीपर्यंतचे (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद) तारे दाखवणारा नकाशा छापून घ्यावा, परंतु त्यावर व्हेस्टाची खूण ठेवू नये. खूण असली की डोळा तिथेच जातो आणि शोध घेतल्याचे समाधान उरत नाही. विजेरीच्या काचेला लाल कागद लावून, दुर्बिणीत दिसणारे सर्व ठिपके नकाशा न पाहता कागदावर काढावेत. तीन-चार रात्रींनी तेच चित्र पुन्हा काढून दोन्ही ताडून पाहावीत. प्रतियुतीच्या वेळी व्हेस्टा दिवसाला साधारण पाव अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या अर्ध्या रुंदीइतका, पश्चिमेकडे सरकतो. पंचांगात ज्याला वक्री म्हणतात तीच ही गती. आतल्या कक्षेतून वेगाने जाणारी पृथ्वी त्याला मागे टाकते म्हणून तो उलटा जाताना दिसतो.

आता कक्षेकडे वळू. एका प्रतियुतीपासून दुसरीपर्यंत सरासरी ५०४ दिवस जातात, म्हणजे तेवढ्या काळात पृथ्वी व्हेस्टापेक्षा एक पूर्ण फेरी जास्त मारते. ३६० ला ५०४ ने भागल्यास पृथ्वीची दररोजची आघाडी ०.७१४ अंश येते. पृथ्वी स्वतः दिवसाला सरासरी ०.९८६ अंश चालते, तेव्हा व्हेस्टाच्या वाट्याला ०.२७२ अंश उरतात आणि त्याची सूर्याभोवतीची फेरी सुमारे १,३२५ दिवसांची, म्हणजे ३.६३ वर्षांची ठरते. केप्लर यांच्या तिसऱ्या नियमानुसार या संख्येच्या वर्गाचे घनमूळ काढावे: वर्ग १३.१८, घनमूळ २.३६. सूर्यापासून पृथ्वी जितकी दूर आहे त्याच्या २.३६ पट अंतरावर व्हेस्टा आहे, हे अशा रीतीने साध्या गणकयंत्रावर निघते. कक्षेचा लंबगोलपणा आणि पृथ्वीच्या कक्षेशी असलेला सात अंशांचा कल मात्र या रीतीने मिळत नाही. त्यासाठी अचूक स्थाने लागतात, आणि ओल्बर्स यांच्या निरीक्षणांवरून जर्मन गणिती गाउस यांनी ते गणित तेव्हाच करून दाखवले होते.

कोकणातील निरीक्षकाची एक अडचण मात्र राहते. प्रत्येक प्रतियुती आधीच्या तारखेपासून वर्ष आणि वर सुमारे १३९ दिवस पुढे जाते, त्यामुळे जानेवारीच्या मध्यावर पाहिलेल्या व्हेस्टाची पुढची प्रतियुती जूनच्या आरंभी, नेमकी पावसाच्या तोंडावर येते. ती सोडून द्यावी, त्यानंतरची ऑक्टोबरमधील टिपावी आणि मधल्या सुमारे १,००८ दिवसांना दोनाने भागावे. लंबगोल कक्षेमुळे एकेका अंतरात पडणारा फरकही त्यामुळे काहीसा कमी होतो.